सीओडी नाही, म्हणून मी फ्रॉड?

"नो सीओडी? म्हणजे फ्रॉड पेज. जपून रे बाबांनो." आज सकाळी इन्स्टावर माझ्या पोस्टखाली एका बाईंनी हे लिहून ठेवलं. पुढे दोन हसऱ्या स्मायल्या. (सीओडी म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, माल दारात आल्यावर पैसे.) त्याच्याखाली एका महाशयांनी विचारलं, "जीएसटी नंबर कुठाय?" आणि दुपारपर्यंत त्या दोन कमेंटना इतके लाइक, की माझ्या कडक भाकरीच्या फोटोला वर्षभरात कधी आले नाहीत.

तिथे मी सभ्यपणे उत्तर दिलंय. ताई, धन्यवाद, वगैरे. इथे देणार नाही. इथे सगळी आपलीच माणसं आहेत, दुसऱ्याच्या कष्टाची किंमत काय असते हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. म्हणून जरा मोकळं बोलते.

सोलापुरात घराच्या मागच्या खोलीत आम्ही ज्वारीची आणि बाजरीची कडक भाकरी करतो आणि शेंगाचटणी कुटतो. आम्ही म्हणजे मी आणि अक्का. अक्का विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून येतात, माहेर अक्कलकोटकडचं, बोलणं निम्मं कानडी. भाकरी त्यांच्या हातची. पापडाइतकी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर कापडाच्या बोळ्याने दाबत दाबत, फिरवत फिरवत पार खडखडीत करायची. घाई केली की मध्ये ओल राहते आणि आठवड्यात बुरशी. आच वाढली की डाग पडतात. मी इतकी वर्षं शेजारी बसून बघतेय, माझ्या दहातल्या तीन अजून वाकड्या होतात.

सीओडी आमच्याकडेही होतं. का बंद केलं ते सांगते.

ठाण्याच्या एका बाईंची ऑर्डर आली. पन्नास भाकरी, अर्धा किलो चटणी, भोगीच्या आत पाहिजे. कॅश ऑन डिलिव्हरी. संक्रांतीचे दिवस म्हणजे आमच्याकडे सिद्धेश्वरची गड्डा यात्रा, त्याच्या आधी वेळ अमावस्या, घरात पाय ठेवायला जागा नसते. तरी अक्का संध्याकाळी उशिरापर्यंत थांबल्या. प्रत्येक पाच भाकरींमध्ये कागद, बाहेरून बबल रॅप, चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे. खोकं वेळेत पोचलं. कुरिअरचा मुलगा दारात उभा. आणि बाईंनी आतूनच सांगितलं, नको.

मी फोन केला. तर म्हणाल्या, "अहो, आमच्या ऑफिसमधली एक जण सोलापूरला गेली होती, तिनेच आणल्या. आता इतक्या भाकऱ्यांचं काय करू? तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या ना."

दुसऱ्या कुणाला द्या ना! जसं काही मी ठाण्यात त्यांच्या जिन्यातच बसलेय.

आता हिशोब ऐका, कारण हा हिशोब "घरबसल्या लाख कमवा"वाल्या रिळांमध्ये कुणी सांगत नाही. कुरिअरवाले वजन दोन प्रकारे मोजतात. एक काट्यावरचं. दुसरं खोक्याचं, म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. जे जास्त येईल ते लावतात. माझं खोकं 30 बाय 30 बाय 20. गुणाकार 18000, भागिले 5000, म्हणजे 3.6 किलो. त्यांच्या हिशोबात चार. काट्यावर तेच अडीच किलोच्या आसपास. भाकरी मोडू नये म्हणून जी हवा आणि जो पुठ्ठा मी आत भरते, त्याचं भाडं मी भरते. वर सीओडीचा वेगळा चार्ज. आणि गिऱ्हाइकाने नाही म्हटलं की परतीचं भाडंही माझंच! जे घेतलं नाही त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, कुरिअर सोडत नाही, मग उरलं कोण?

खोकं परत यायला दोन आठवडे लागले. एक कोपरा भिजलेला, वर कुणीतरी काहीतरी जड ठेवलेलं. अक्कांनी उचललं आणि नुसतं हलवून बघितलं. आतून खुळखुळ्यासारखा आवाज. पन्नासातली एकही अख्खी नव्हती. मी कुरिअरवाल्याला शिव्या देत होते (मराठीत, मग हिंदीत), आणि अक्का शांतपणे म्हणाल्या, "ताई, माझ्या पैशातनं कापा की."

मला आधी कळलंच नाही. कापा म्हणजे?

तर अक्कांनी आयुष्यभर विड्या वळल्यात. सोलापुरात हे कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी लिहिते. पान आणि तंबाखू घरी आणायची, हजाराच्या हिशोबाने वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथे तपासणारा बसलेला. त्याने मूठभर विड्या बाजूला काढल्या की झाली छाट. त्या विड्यांचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत. कारण विचारायचं नाही. म्हणजे माल परत आला की ज्या बाईने केला तिचे पैसे जातात, हा अक्कांच्या लेखी जगाचा नियमच. त्यांना त्यात अन्याय वाटत नव्हता. राग नव्हता. घरी जायची पिशवी भरत भरत सहज म्हणाल्या.

त्या दिवशी मी सीओडी बंद केलं. भाड्यासाठी नाही. भाडं मी सोसलं असतं, धंदा म्हटला की तोटा आलाच.

त्यामुळे कुणी मला फ्रॉड म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ती पिशवी भरणारी बाई येते आणि डोकं फिरतं.

बरं, विश्वासाचं म्हणाल तर तुम्ही सगळीकडे आधीच पैसे देता. रेल्वेचं तिकीट साठ दिवस आधी काढता, गाडी वेळेवर येईल याची खात्री नसताना. सिनेमाचं तिकीट आधी काढता, सिनेमा भिकार निघाला तर दारावर पैसे परत मागता का? बिल्डरने खड्डासुद्धा खणलेला नसतो तेव्हा लाखांचे चेक फाडता आणि वर पेढे वाटता. आणि अर्धा किलो शेंगाचटणीसाठी मात्र "आधी बघू, मग देऊ". मोठ्या कंपन्यांना परवडतं हो. त्यांची हजार पार्सलं जातात, शंभर परत येतात, तो खर्च उरलेल्या नऊशेंच्या किमतीत बसवलेला असतो. मीही बसवू शकते. मग भाकरीचा भाव वाढेल आणि तुम्हीच म्हणाल, "एका भाकरीचे एवढे?"

हो, इन्स्टावर लुटारू पेजं आहेत. साडीचे पैसे घेऊन ब्लॉक करणारे आहेत, माझ्या जावेचेच गेलेत. मान्य. पण म्हणून माझ्या तोंडावर फ्रॉड?

आणि लुटणारे काय फक्त विकणारेच असतात? मला फोन येतो, "जय हिंद मॅडम, मिलिटरी कॅन्टीन से बोल रहा हूँ." शंभर किलो चटणी पाहिजे. भावसुद्धा करत नाही, तिथेच ओळखावं. ॲडव्हान्स पाठवतो म्हणतो, मग क्यूआर कोड पाठवतो, "स्कॅन करके पिन डालिए, पैसा आ जाएगा." अरे बाबा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की जातात! माझ्या ओळखीत लोणच्याचा व्यवसाय करणारी एक जण यात पोळली. घरून धंदा करणाऱ्या बायांनो, हे एवढं तरी लक्षात ठेवा. आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेचा मेसेज येईपर्यंत खोक्याला टेप लावायची नाही.

जीएसटीवाल्या महाशयांना पण सांगून टाकते. मालाची उलाढाल वर्षाला चाळीस लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात विकायला नोंदणी लागत नाही. चाळीस लाख! माझी तेवढी असती तर मी तुमच्या कमेंटी वाचत बसले असते का? पण राज्याची हद्द ओलांडून माल पाठवायचा तर नोंदणी आली. म्हणजे आम्हाला विजापूर शंभर किलोमीटरवर, अक्कांचे निम्मे नातेवाईक तिकडे, पण तिकडच्या ऑर्डरला हात जोडायचे. गडचिरोलीला मात्र खुशाल पाठवा. हैदराबादच्या मराठी मंडळींचे मेसेज येतात, त्यांना नाही म्हणताना जीव तुटतो. तरी नाही म्हणते. कारण नियम. फ्रॉड माणूस हे करतो का? पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा, चौदा आकडी नंबर छापलाय, त्यांच्या साइटवर टाका, माझं नाव येईल. पॅकिंगची तारीख आहे, वजन आहे, हिरवा ठिपका आहे. एवढं सगळं छापलं आणि लोकांनी काय वाचलं, तर "नो सीओडी".

आजोबांची एक आठवण येतेय, विषयाला धरूनच आहे. ते पुस्तकं व्ही.पी.ने मागवायचे. मासिकाच्या मागच्या पानावर जाहिरात असायची, कार्ड टाकायचं, पोस्टमन पुस्तक घेऊन यायचा आणि पैसे मोजून घ्यायचा. म्हणजे तेव्हाही हेच, वस्तू दारात आल्यावर पैसे. पण आजोबांनी आलेली व्ही.पी. परत पाठवलेली मला आठवत नाही. एकदा घरात पैसे नव्हते तर आजीने शेजारून आणून दिले. कारण पोस्टमन रोजचा, नावाने हाक मारणारा. त्याच्या तोंडावर "नको" म्हणायची लाज वाटायची. आजच्या कुरिअरच्या पोराचा चेहराही आपण बघत नाही. ओटीपी सांगतो आणि दार लावतो. ठाण्याच्या त्या बाई वाईट असतील असं मला खरंच वाटत नाही. माझ्यासमोर अंगणात उभ्या असत्या तर निम्म्या तरी भाकरी घेऊन गेल्या असत्या. वर अक्कांना म्हणाल्या असत्या, काय हात आहे हो तुमचा. त्यांना खोकं दिसलं, अक्का दिसल्या नाहीत.

आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, त्यामुळे हेही लिहिते. पहिल्यांदा मागवणाऱ्याला भीती वाटते हे मला कळतं. ज्या बाईने महिन्याच्या खर्चातून पाचशे रुपये बाजूला काढलेत, तिचे बुडाले तर तिला घरी ऐकून घ्यावं लागतं. म्हणून मी व्हिडिओ कॉलवर खोली दाखवते. अक्का कॅमेऱ्यासमोर येत नाहीत, हात दाखवतात. पाव किलो चटणीचं छोटं पाकीट ठेवलंय, ते आधी मागवा, आवडलं तर भाकरीचं बोला. यूपीआयने दिलेत तर माझेही काही कापून जात नाही, 2020 पासून त्यावर दुकानदाराला आकार नाही. वाटेत भाकरी मोडली तर फोटो पाठवा, पाचाच्या वर मोडल्या असतील तर तेवढ्या पुढच्या खोक्यात जास्तीच्या टाकते. आणखी काय करू सांगा?

त्या खोक्याचं पुढे काय झालं, असं कालच एका मैत्रिणीने विचारलं. चुरा आम्ही खाल्ला. कांदा, मिरची, शेंगदाणे घालून फोडणीची भाकरी, सलग चार दिवस, शेवटी पोरगा ताट बघूनच उठला. चटणीची पिशवी शाबूत होती, ती घरातच ठेवली. अक्कांचे पैसे पूर्ण दिले. घेत नव्हत्या. पैसे पिशवीत कोंबावे लागले आणि वर ऐकून घ्यावं लागलं, की ताई, असा धंदा केलात तर बुडाल.

बुडेनही. नवरा हेच म्हणतो, फक्त जास्त टक्केवारी लावून.

पण छाटीचा धंदा मी करणार नाही. मधला माणूस, यंत्र, ॲप, पॉलिसी, काहीही नाव द्या, शेवटी माल नको म्हटल्याचा भुर्दंड तव्यासमोर बसलेल्या बाईनेच भरायचा असेल तर ती विक्री मला नको. ज्यांना सीओडीच पाहिजे त्यांनी मोठ्या साइटवरून घ्यावी. मिळते तिथे, चकचकीत डब्यात. चव कशी आहे ते मी बोलत नाही, मी पडले धंद्यातली.

त्या कमेंटखाली जाऊन कुणी भांडू नका, प्लीज. भांडलात की ती कमेंट आणखी वर येते.

सोमवारी पार्सलं निघतील. बाजरीच्या कमी आहेत, ज्वारीच्या भरपूर. मुंबई-पुण्याकडच्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. पैसे आधी, सगळ्यांना. नातेवाइकांनाही. आणि दादा, तू हे वाचतोयस मला माहितीये, हिरवा ठिपका दिसतोय तुझा. वेळ अमावस्येच्या चाळीस भाकरींचे राहिलेत.