बर्फ काढाल हो, पण ठेवाल कुठे?

सिंहगड रोडला आमच्या सोसायटीत बत्तीस फ्लॅट आहेत. त्यातल्या निम्म्या घरांत दोघंच राहतात, मुलं मिशिगन, टोरांटो नाहीतर न्यू जर्सीला. त्यामुळे पुण्यात ज्याची कुणालाच गरज नाही अशा गोष्टींबद्दलही आमच्या ग्रुपवर ठाम मतं असतात. पुण्याचा पारा आजवर सगळ्यात खाली गेला तो १९३५ च्या जानेवारीत, १.७ अंशांवर, आणि बर्फ तेव्हाही पडला नव्हता. तरीही यंदाच्या थंडीत ‘परदेशातल्या मुलांना जरूर पाठवा’ असा मथळा असलेला एक निरोप मला सहा जणांकडून आला. सहावा आला तेव्हा म्हटलं, आता उत्तर लिहूनच टाकू.

निरोपाचा सारांश असा: घरापुढचा बर्फ काढायला कंत्राटदाराला पैसे कशाला, लहान ट्रॅक्टर घ्या. एक, पुढे लोडरची बकेट असली की दुसरं काही लागत नाही. दोन, स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून लांब फेकणारं यंत्र, ही निव्वळ चैन, सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या आपल्या बीआरओचे जवान ब्लेडनेच हिमालय मोकळा करतात. तीन, फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या चाकांना साखळ्या नकोत, टायरमध्ये पाणी भरा की झालं. चार, ब्लेड जमिनीला घासूनच चालवा, खाली कण राहता कामा नये. पाच, अवजारं इथून पाठवा, तिकडच्या पाव किमतीत पडतात, आणि माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर तर बर्फातही चालतो.

माझी या विषयातली लायकी सांगतो. भोसरीत शेतीच्या अवजारांच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, जमीन सपाट करायचे लेव्हलर आणि रोटाव्हेटर हाताखालून गेले. लेक न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजजवळ राहते, तिच्याकडे दोन हिवाळे मुक्काम झाला. जावईबापूंनी पंचवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेतलेला आहे. सासऱ्याला रिकामं बसवत नाही म्हणून पहाटे तो मीच चालवायचो.

आधी बकेट, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. लेकीच्या घराचा ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीवाट, शंभर फूट लांब, बारा फूट रुंद. त्यावर रात्रीत फूटभर बर्फ पडला की किती झाला? बाराशे घनफूट. आपल्या भाषेत, शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून, बारा ब्रास. वाळू-मुरूम मागवलेल्या माणसाला हा आकडा ऐकूनच कळेल, बारा ट्रॉल्या माल दारात पडलाय. असल्या लहान ट्रॅक्टरची बकेट चार फुटी, तिच्यात सात-आठ घनफूट माल मावतो. आठ धरा. दीडशे फेऱ्या! आणि ही एका रात्रीची गोष्ट. सिरॅक्यूजला ऑन्टारिओ सरोवराच्या कृपेने एका हंगामात सरासरी दहा फुटांच्या आसपास बर्फ पडतो.

‘उचलायचा कशाला, ढकलत न्या’ असं निरोपवाले म्हणतील. ढकलून पाहिला. बकेट ही पेटी आहे, तिला तिरकी करता येत नाही. वीस-पंचवीस फूट गेलं की ती भरते आणि माल दोन्ही कडांनी सांडायला लागतो. मागे येऊन ती सांडलेली ओळ काढायला जावं तर तिच्या बाजूला नवी ओळ. आपल्याकडे टोपलीने गहू लोटत नेला तर जे होईल तेच.

बकेट निरुपयोगी आहे असं मात्र नाही. रस्त्यावरून नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे बर्फ सारणारी गाडी, गेला की तो तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी कमरेएवढा बांध टाकून जातो, रस्त्यावरच्या मीठ-चिखलासकट. तासाभरात तो दगड होतो. तो फोडायला आणि उचलून बाजूला ठेवायला बकेटीसारखं काही नाही. फेब्रुवारीत ढीग वाढून जागा संपली की ते मागे सरकवायलाही बकेटच लागते.

आता ब्लेड आणि ब्लोअर. इथे निरोपात अर्धं खरं आहे. साधं मागचं ब्लेड, आपल्या लेव्हलरचाच भाऊ, काहीशे डॉलरला मिळतं आणि ब्लोअर काही हजारांना. दोन-चार इंचांच्या बर्फाला ब्लेड ब्लोअरच्या दुप्पट वेगाने काम उरकतं, यात वाद नाही. जिथे हंगामात मोजून चार-पाच वेळा बर्फ पडतो आणि मध्ये वितळून जातो, तिथे मुलांना ब्लोअर घ्यायला लावू नका. पण ब्लेड घेताना एक हिशोब करा, जो दुकानदार करून देत नाही. ब्लेड तिरकं केलं की त्याची रुंदी घटते. पाच फुटी ब्लेड तीस अंशांत फिरवलं की रस्ता मोकळा होतो जेमतेम चार फूट चार इंच. ट्रॅक्टरच्या बाहेरच्या चाकांपेक्षा हे माप कमी भरलं तर चाक कच्च्या बर्फावरून जातं, तो दाबला जातो, आणि दाबलेला बर्फ दुसऱ्या दिवशी खरवडूनही निघत नाही.

ब्लेडचा खरा प्रश्न जानेवारीत उभा राहतो. ते बर्फ फक्त कडेला सारतं. पहिल्या खेपेला तुम्ही आळस करून बारा फुटांच्या कडेवरच ओळ ठेवलीत, तर ती रात्री गोठते. पुढची खेप तिच्या अलीकडे पडते. असं करत बारा फुटांचा रस्ता नऊ फुटांवर येतो, आणि एक दिवस गाडीचा आरसा घासला म्हणून लेकीचा ऑफिसातून फोन येतो. (आरसा घासला होता. ओळ मीच ठेवली होती.) तिथला शेजारी, सत्तरीचा गृहस्थ, नोव्हेंबरातल्या पहिल्या बर्फालाच सगळा माल गवतात पार दहा-दहा फूट आत नेऊन टाकत होता. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला वेळ जात नाही. रस्त्यापलीकडे ढकलून द्यायचा म्हणाल, तर त्याला बऱ्याच ठिकाणी कायद्याने मनाई आहे.

बीआरओचा दाखला तर निरोपवाल्यांवरच उलटतो. रोहतांग आणि झोजी ला मोकळे करताना डोझर वापरतात हे खरं, पण स्नो कटर म्हणून जी यंत्रं त्यांच्या सोबतीला असतात ते ब्लोअरच आहेत, बर्फ कापून लांब भिरकावणारे. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या राहिल्या की डोझरला सारायला जागाच उरत नाही. जिथे डोझर एकटा पुरतो तिथे एका अंगाला दरी असते. लेकीच्या ड्राइव्हवेच्या एका अंगाला शेजाऱ्याचं कुंपण आहे आणि दुसऱ्या अंगाला गॅरेज.

ब्लोअर बर्फ वीस-तीस फूट लांब फेकतो, ओळ राहतच नाही. पुढचा स्क्रू माल मध्ये ओढतो, मागचा पंखा तो धुराड्यासारख्या उभ्या नळीतून उडवतो. पण घेण्याआधी ट्रॅक्टर तपासायचा असतो, आणि आमची चूक तिथेच झाली. पुढे बसणारा ब्लोअर बहुधा ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालतो, त्याचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या आसपास. जावईबापूंच्या मॉडेलला हा पीटीओच नाही. विक्रेता म्हणाला होता, नंतर बसवता येईल. नंतर कळलं की बसवायचा खर्च ऐकून कुणीच बसवत नाही. मग मागचा ब्लोअर घेतला, आपल्या ओळखीच्या ५४० फेऱ्यांवर चालणारा. चालतो उत्तम, फक्त शंभर फूट उलटं जावं लागतं, मान मागे वळवून. पहिल्या आठवड्यात माझी मान जी धरली ती पुण्याला आल्यावर सुटली.

ताकदीचा अंदाज साधारण असा: ब्लोअरच्या रुंदीला दर फुटामागे पीटीओवर चार ते पाच हॉर्सपॉवर. इंजिनवर पंचवीस लिहिलेले असले तरी पीटीओपर्यंत वीसच्या आतबाहेर पोचतात, म्हणून आमचा ब्लोअर साडेचार फुटी. शिवाय ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअर न बदलता तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर फार बरं. जाड थर आला की पायाने ट्रॅक्टरचा वेग कमी करता येतो आणि पीटीओचे फेरे तसेच राहतात. गिअरच्या ट्रॅक्टरवर घाईत नेमकं उलटं होतं, इंजिन दबतं, पंख्याचा जोर जातो आणि धुराडं तुंबतं.

धुराड्यावरून आठवलं. ओला बर्फ त्यात खिरीसारखा चिकटून बसतो. इंजिन बंद करून, पंखा थांबल्याची खात्री करून, काठीने काढायचा. हात कधीही घालायचा नाही, कारण अडकलेला पंखा सुटला की बंद इंजिनावरही झटका देतो. आणि स्क्रूच्या शाफ्टवरचे शिअर बोल्ट, गिअरबॉक्स वाचावा म्हणून, मोडण्यासाठीच असतात. आमचा पहिला मोडला तो बर्फाखाली गाडल्या गेलेल्या वर्तमानपत्राच्या सुरळीने. गोठलेली सुरळी म्हणजे लाकडाचा ओंडका. आपल्याकडे रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट तुटला की जागेवर हाय टेन्साइल बोल्ट ठोकणारे वीर मी भोसरीत खूप पाहिलेत, आठवड्याने ते गिअरबॉक्स घेऊन यायचे. तिकडे तर तो गिअरबॉक्स डॉलरमध्ये.

टायरमधलं पाणी हा मुद्दा मात्र वाचून मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे चिखलणीला, नांगरटीला मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, वजनामुळे चाक जागच्या जागी फिरत नाही, सगळं खरं. सिरॅक्यूजला जानेवारीच्या रात्री उणे दहा ही रोजची बात. टायरमधलं पाणी दगड होतं आणि चाक सकाळी धडाधड आपटत चालतं. तिकडे कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरतात, ते स्वस्त, पण गळलं तर रिम गंजवतं. दुसरा पर्याय म्हणजे शुगर बीटपासून साखर काढून उरलेल्या द्रवाचा. ऊसवाल्यांनी हे जरा कान देऊन ऐकावं: तो गोठत नाही, गंजवत नाही आणि पाण्याच्या सव्वापट जड असतो.

फोर-व्हील असलं की साखळ्या नकोत, हेही अर्धवट. फोर-व्हीलमुळे ट्रॅक्टर पुढे जातो, पण बर्फाच्या पातळ थरावर जाड ठोकळ्यांचे टायर साबणावरून जावं तसे सरकतात. ड्राइव्हवे सपाट असेल तर साखळ्यांवाचून निभेल. उतार असेल तर मागच्या चाकांना हव्यातच. या ट्रॅक्टरांचे ब्रेक बहुधा मागच्या चाकांवर असतात. पुढे भरलेली बकेट उचलून उतरणीला लागलात की मागचं अंग हलकं होतं, आणि फोर-व्हील टाकलेलं नसेल तर ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर आपल्या मर्जीने जातो. मागे ब्लोअर लावलेला असला की त्याचंच वजन कामी येतं, हा मागच्या ब्लोअरचा मानेपलीकडचा फायदा.

जमिनीला घासून चालवण्याबद्दल थोडक्यात. डांबरावर चालेल, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर रबरी कड लावून चालेल. खडीच्या ड्राइव्हवेवर तसं केलंत तर एप्रिलमध्ये सगळी खडी गवतात वेचत बसावी लागेल, आणि ब्लोअर असेल तर खडी थेट शेजाऱ्याच्या काचेवर. तिथे अवजार जमिनीपासून वर धरणाऱ्या खालच्या घोड्या इंचभर उतरवून ठेवतात आणि पहिला थर मुद्दाम दाबून गोठू देतात. ब्लेडच्या धारेवर उभा चिरलेला पाइप चढवायची युक्तीही तिथे सर्रास दिसते, मला ती फार आवडली.

राहता राहिला इथून अवजारं पाठवण्याचा मुद्दा. यामागचा अभिमान मला समजतो. महिंद्राचे ट्रॅक्टर १९९४ पासून अमेरिकेत विकले जातात, आणि ट्रॅक्टरमागे अवजार लावायची तीन बिंदूंची जोडणी, तिच्या खुंट्यांची मापं, सहा खाचांचा पीटीओ हे सगळं इथे-तिथे एकच आहे. म्हणजे मोशीच्या किसान प्रदर्शनात दिसणारा लेव्हलर तिथे खरोखर बसेल. पण एकट्या लेव्हलरचं भाडं आणि जकात धरली की पाव किमतीचं गणित कोसळतं, आणि मोडल्यावर इंचाच्या मापाच्या दुकानात मिलिमीटरचा बोल्ट शोधत फिरावं लागतं. रोटाव्हेटरबद्दल तर काय बोलायचं? तो माती जागच्या जागी उलटवतो, हलवत नाही. बर्फातही तेच करेल: बारा ब्रास बर्फ छान भुसभुशीत करून होता तिथेच ठेवेल, आणि पाती डांबरावर आपटून वाकतील ती वेगळीच.

इथून नेण्यासारखी एकच गोष्ट मला सापडली. हातमोज्यांतून लिंचपिना, म्हणजे अवजार खुंटीवरून सुटू नये म्हणून लावायच्या लहान पिना, निसटतात आणि बर्फात पडल्या की गेल्याच. म्हणून दुसऱ्या हिवाळ्याला जाताना नाना पेठेतून अर्धा डझन घेऊन गेलो, बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी. सहाही तिथल्या खुंट्यांना चपखल बसल्या. मी निघालो तेव्हा दोन उरल्या होत्या. बाकीच्या चार लेकीला एप्रिलमध्ये गवत कापताना सापडल्या.