तुरुंग बांधून झाला, आता तिथं माणसं नेमा

यॉर्कशायरमध्ये फुल सटनच्या जुन्या तुरुंगाशेजारी मिल्साइक हा पुरुषांचा नवा तुरुंग मार्च २०२५ मध्ये सुरू झाला. जवळपास १,५०० कैद्यांची सोय, खर्च सुमारे ४० कोटी पौंड. इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींचा सूर एकच: गुन्हेगारांना हीट पंप, सोलर, बिनगजांच्या खिडक्या, आणि आम्हाला डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही!

राग समजतो, पण मला हे पटत नाही. त्या खिडकीचंच घ्या. काच भक्कम आहे आणि ती उघडतच नाही. जुन्या तुरुंगांत रात्री ड्रोननं आलेलं ड्रग्जचं पुडकं कैदी खिडकीतून हात घालून आत ओढतात. इथं ती सोयच ठेवलेली नाही. याला चैन कसं म्हणायचं?

आणि जुने तुरुंग कसे आहेत? लंडनचा वाँड्सवर्थ १८५१ सालचा. २०२४ च्या तपासणीत आढळलं की एकासाठी बांधलेल्या कोठडीत दोघं, संडास तिथंच, आणि बहुतेक जण दिवसाचे २२ तास कुलपात. अशा ठिकाणाहून कोण सुधारून येणार? त्याच वर्षी जागा संपत आल्या म्हणून सरकारला हजारो कैदी निम्म्याऐवजी ४० टक्के शिक्षेनंतर सोडावे लागले. तेव्हा नवा तुरुंग हवाच होता.

माझी काळजी वेगळी आहे. मिल्साइक 'क' श्रेणीचा आहे, म्हणजे कैद्यानं तिथं काम शिकून बाहेर पडावं ही अपेक्षा. त्यासाठी वर्कशॉप बांधलीत. पण सकाळी कोठडी उघडून, मोजणी करून कैद्यांना तिथवर न्यायला अधिकारी लागतो. तो कमी पडला की दार बंदच राहतं, मग आत मशिनं कितीही नवी असोत. २०१० नंतरच्या सरकारी काटकसरीत इंग्लंड-वेल्समधल्या तुरुंगांतले एक चतुर्थांशाहून जास्त अधिकारी कमी झाले, त्यात वर्षानुवर्षं अनुभव असलेले किती तरी होते. पुढं भरती झाली, पण अठराव्या वर्षीही ही नोकरी मिळते. पन्नाशीतल्या सराईत गुन्हेगारासमोर त्या पोरानं कोणाच्या भरवशावर उभं राहायचं? जुनाजाणता सहकारी शेजारी हवाच.

२०३१ पर्यंत १४,००० जागा वाढवू, असं मंत्री सांगतात. जागांसोबत त्यांनी दर महिन्याला प्रत्येक तुरुंगाचा हिशेबही जाहीर करावा: कोठड्या रोज किती तास उघड्या होत्या आणि किती कैदी खरोखर वर्कशॉपमध्ये पोचले.