आधी घोडा व्हा, मग कलाकार

गेले काही महिने पुण्याहून, नाशिकहून आणि एकदा तर थेट कुडाळहून मला एकच मेसेज येतोय : ‘आयर्लंडमध्ये सरकार कलाकारांना घरबसल्या पगार देतं!!’ खाली जोडलेले हात, त्याखाली तीन हिरवी पानं. मी डब्लिनला राहतो, म्हणून खातरजमेचं काम माझ्याकडे. माझा एक भाचा बासरी वाजवतो. त्याने तर पासपोर्टही नवा करून ठेवलाय. एकेकाला फोनवर समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. तुम्हाला आयर्लंडचा राजाश्रय हवाय ना? मिळेल. फक्त सांगतो तसं करा.

मेसेज खोटा नाही, आणि इथेच माझी पंचाईत आहे. २०२२ साली आयर्लंड सरकारने दोन हजार कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली. त्यासाठी नऊ हजारांवर अर्ज आले, आठ हजारांवर पात्र ठरले आणि त्यातून दोन हजार नावं काढली ती सोडत पद्धतीने. कोणाचा सूर लागतो, कोणाचा लागत नाही, हे बघायचंच नाही असं आधीच ठरलं होतं. त्यामुळे तुमचा रियाज मागे पडला असेल तर जिवाला लावून घेऊ नका. तुमचं कवितेचं पुस्तक कोणी वाचलं नसेल, तर इथेही ते कोणी वाचणार नाही. नियमच तसा आहे.

पण मी म्हणेन, त्या दोन हजारांच्या मागे लागू नका. त्या योजनेत आणखी हजार जणांचा एक गट होता. त्यांना भत्ता द्यायचा नाही, पण भत्ता न मिळाल्याने त्यांचं कसं चाललंय हे वेळोवेळी लिहून घ्यायचं, आणि या तसदीबद्दल वर्षाला ६५० युरो द्यायचे. काहीच न मिळण्याचं मानधन! आपल्याकडे कितीतरी नाटकवाले हे काम तीस-तीस वर्षं फुकट करताहेत, त्यांना हे कळवा.

योजना वाईट होती म्हणावं, तर तसंही नाही. हिशेब मांडल्यावर एका युरोमागे समाजाला १.३९ युरो परत मिळाले असं निघालं, आणि २०२६च्या अर्थसंकल्पात ती कायम करायचं ठरलं. उपरोधिक लिहिणाऱ्याच्या ताटात कोणी असा निर्भेळ चांगला निर्णय वाढला की घास घशाखाली उतरत नाही. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आठवड्याचे ३२५, वर्षाचे बावन्न आठवडे, कलाकार दोन हजार : झाले तीन कोटी अडतीस लाख युरो. आता शेजारचा रकाना बघा. सरकारचा घोडे आणि ग्रेहाउंड कुत्रे यांच्या शर्यतींसाठी वेगळा निधी आहे. २००१ साली खास कायदा करून तो उभा केला. २०२४ साली त्यात किती होते? साडेनऊ कोटी युरो.

तेव्हा पहिला आणि खरं तर एकमेव सल्ला : आधी घोडा व्हा.

हसू नका, याला इतिहासाचा आधार आहे. १९६९ साली चार्ल्स हॉही नावाचे अर्थमंत्री होते. त्यांनी त्या वर्षीच्या वित्त कायद्यात लेखक, चित्रकार, संगीतकार यांच्या कलेतल्या कमाईवरचा आयकर माफ केला. जगभरातून कौतुक झालं, अजून होतं. पण त्याच कायद्यात आणखी पुढे गेलात तर आणखी एक माफी सापडते : वळू घोड्यांच्या फीवरची. घोडीला फळवण्यासाठी घोड्याच्या मालकाला जे पैसे मिळतात, त्यावरही कर नाही. कवी आणि वळू एकाच कायद्यात, एकाच मंत्र्याच्या कृपेने करमुक्त झाले. हॉहींना स्वतःला घोड्यांचा षौक होता. (ते पुढे पंतप्रधानही झाले, आणि व्यापाऱ्यांकडून त्यांनी गुपचूप घेतलेल्या पैशांवर चौकशी आयोग बसला. पण तो वेगळा कलाप्रकार.)

आता दोघांमधला फरक ऐका. कलाकाराला कर माफ व्हायला त्याची निर्मिती ‘मूळ आणि सर्जनशील’ आहे असं महसूल खात्याला पटवावं लागतं. घोड्याच्या निर्मितीबद्दल अशी शंका कोणी घेतली नाही. कलाकाराच्या माफीला २००७ पासून अडीच लाख युरोंची मर्यादा आली, मंदीत ती चाळीस हजारांवर उतरली, मग मेहेरबानीने पन्नास हजार झाली. घोड्याची माफी २००८ पर्यंत बिनमर्यादा चालली, आणि थांबली तीही युरोपीय आयोगाने डोळे वटारले म्हणून. मर्यादेची घोषणा होताच २००६ साली यू टू या बँडने आपल्या गाण्यांच्या हक्कांचा धंदा नेदरलँड्सला हलवला. कलाकार उधळतात ते असे. घोडा बिचारा तबेल्यातच राहिला.

माणूसच राहायचा हट्ट असेल, तर दुसरी वाट आहे, जरा लांबची. एड्ना ओ’ब्रायन या लेखिकेची पहिली कादंबरी १९६० साली आली आणि आयर्लंडच्या सेन्सॉर मंडळाने तिच्यावर बंदी घातली. पुढच्या पुस्तकांचंही तेच झालं. बाई लंडनला राहिल्या, तिथे लिहीत राहिल्या. २०१५ साली त्यांना ‘एसडाना’ या कलावंतांच्या राष्ट्रीय मंडळात ‘सी’ हा सर्वोच्च मान मिळाला. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते गळ्यात सोन्याचं पीळदार कडं. म्हणजे एकूण पंचावन्न वर्षं. तेव्हा काहीतरी बंदी येण्याजोगं लिहा, परदेशी जा आणि तब्येत सांभाळा. हो, तब्येत महत्त्वाची.

नाहीच सांभाळली गेली, तरी काही बिघडत नाही. कादंबरीकार जेम्स जॉईस देश सोडून गेले, त्यांच्या नावाचा पूल आहे. नाटककार सॅम्युअल बेकेट पॅरिसला गेले, त्यांच्याही नावाचा आहे. नाटककार शॉन ओ’केसी इंग्लंडला गेले, त्यांचाही. तिन्ही पूल डब्लिनच्या लिफी नदीवर, एकमेकांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. शिवाय आयरिश नौदलात जॉईस, बेकेट, येट्स आणि शॉ अशा चार गस्ती नौका आहेत. नौदलात खलाशी मात्र इतके कमी की सगळ्या नौका एकदम समुद्रात नेता येत नाहीत. साहित्यिक धक्क्याला बांधून ठेवलेले बरे, हे सरकारचं जुनंच मत. २०१३ साली मध्यवर्ती बँकेने जॉईसच्या गौरवार्थ चांदीचं नाणं काढलं, त्यावर त्यांचं एक वाक्य कोरलं आणि त्यात पदरचा एक शब्द घातला. चूक कळल्यावरही नाणी विकली. जॉईस असते तर संपादकाशी भांडले असते. म्हणून गौरव नेहमी मरणोत्तर करतात.

परदेश नको, मरणही नको, असे नाजूक असाल तर तिसरा उपाय : संगणकप्रणाली व्हा. कलांना सरकारी अनुदान वाटणाऱ्या आर्ट्स कौन्सिलने कलाकारांचे अनुदानाचे अर्ज सोपे व्हावेत म्हणून २०१९च्या सुमारास एक नवी प्रणाली करायला घेतली. सल्लागार आले, गेले, पुन्हा आले. २०२४ साली तो प्रकल्प गुंडाळला. खर्च सुमारे सदुसष्ट लाख युरो. तुमच्या भत्त्याच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ चारशे कलाकारांचं वर्ष. या प्रणालीने एकही अर्ज घेतला नाही, एकही अहवाल लिहिला नाही, प्रेक्षक किती आले हे तिला कोणी विचारलं नाही. याला म्हणतात निखळ कला.

त्याच सुमाराला राष्ट्रीय चित्रदालनाचीही एक गोष्ट बाहेर आली. त्यांनी २०१७ साली सव्वा लाख युरोंचं क्ष-किरण यंत्र घेतलं होतं, जुन्या चित्रांच्या थराखाली काय दडलंय ते बघायला. आठेक वर्षांनीही ते पडूनच होतं, कारण ते ठेवण्याजोगी खोली नव्हती. दरवर्षी सप्टेंबरात आपली मुलं इथे शिकायला येतात आणि ‘काका, खोलीच मिळत नाही हो’ म्हणून रडकुंडीला येतात. मी त्यांना हे यंत्र दाखला म्हणून देतो. सरकारी पाहुणा, रोख पैसे मोजलेले, तरी डब्लिनमध्ये खोली नाही. तू तर नुसता एम. एस. करतोयस.

खेळाकडे वळू. खेळाडू असाल तर कोणता खेळ खेळता याला तसं महत्त्व नाही. मैदान कोणाच्या मतदारसंघात आहे ते बघा. क्लबांना लॉटरीच्या पैशातून अनुदान मिळतं. त्याचा अर्ज ‘ऑस्कर’ नावाच्या संकेतस्थळावर भरायचा (नाव मी ठेवलेलं नाही). जमिनीच्या मालकीचे कागद जोडायचे, आणि अनुदान मंजूर झालं की फोटोसाठी तीन पक्षांच्या आमदारांना मधोमध उभं करायचं, कारण तिघांनीही ते आपणच आणलं असं जाहीर केलेलं असतं. २०१७ साली भरभक्कम फी घेणाऱ्या एका खासगी शाळेला हॉकीच्या मैदानासाठी दीड लाख युरो मिळाले. ही शाळा नेमकी क्रीडामंत्र्यांच्या मतदारसंघात निघाली. योगायोग हो. निर्णय अधिकाऱ्यांचा होता.

मोठी स्वप्नं असतील तर ती बर्टी अहर्न यांच्यासारखी बघा. पंतप्रधान असताना त्यांनी २००० साली डब्लिनच्या ॲबट्सटाउन भागात ऐंशी हजार प्रेक्षकांचं स्टेडियम जाहीर केलं. लोकांनी त्याला ‘बर्टीचा वाडगा’ म्हणायला सुरुवात केली. २००२ पर्यंत वाडगा उपडा झाला. उरला तो पोहण्याचा तलाव. तो २००३ मध्ये थाटात उघडला, आणि १ जानेवारी २००५च्या वादळात त्याच्या छपराचा काही भाग उडाला. पोहणाऱ्यांना भिजायची भीती नसते, हे त्यातल्या त्यात बरं.

याच ॲबट्सटाउनला आता क्रिकेटचं राष्ट्रीय स्टेडियम व्हायचंय. २०३०च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकात आयर्लंडही यजमान आहे. कसोटीचा दर्जा मिळाला २०१७ला, स्टेडियमला मंजुरी २०२४ला. वरातीमागून घोडं, पण घोडं आहे म्हटल्यावर तेवढी आशा ठेवायला हवी. ऑगस्ट २०२३ मध्ये बुमराहची टीम मॅलाहाइडला आली होती. गावातलं सुबक मैदान, भोवती झाडं, आणि सामन्यांपुरते लोखंडी पाइपांवर उभारलेले स्टँड. दुसऱ्या सामन्यात आपल्या ऋतुराज गायकवाडने ५८ केल्या तेव्हा त्या पाइपांवर अख्खं पिंपरी-चिंचवड नाचत होतं. पायाखालच्या फळ्या अशा थरथरत होत्या की मी ‘गणपती बाप्पा’ म्हणालो ते आनंदाने नव्हे. तिसऱ्या सामन्याचं तिकीट माझ्याकडे होतं. एकही चेंडू पडला नाही, नुसता पाऊस पडला. थर्मासमधला चहा आणि बायकोने दिलेल्या पुरणपोळ्या संपवून आम्ही परत आलो.

इथे पैसा कमी आणि कर्तबगारी जास्त असे खेळही आहेत. स्किबरीन गावच्या ओ’डोनोव्हन बंधूंनी २०१६ला रिओमध्ये वल्हवण्यात रौप्यपदक आणलं. या खेळातलं देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. धाकटा सांगायचा, डोळे मिटायचे आणि कुत्र्यासारखं ओढायचं. ‘कुत्र्यासारखं’ म्हणाला, तिथे सरकारचे कान टवकारले असावेत.

पर्यटनात काही करायचं तर बांधू नका, नाव ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर एक रस्ता होता, वळणावळणाचा, मेंढ्यांनी अडवलेला, २,५०० किलोमीटरचा. २०१४ साली त्याला ‘वाइल्ड अटलांटिक वे’ असं नाव दिलं, पाट्या लावल्या आणि जग धावत आलं. आहे ते इतकं सुंदर आहे की नाव ठेवणाऱ्याचंही मी कौतुक करतो. मग पूर्वेला २०१५ मध्ये ‘प्राचीन पूर्व’ सापडली, आणि मधे जे उरलं त्याला २०१८ मध्ये ‘दडलेला गाभा’ म्हटलं. काही नसलं की ते दडलेलं असतं.

मंत्रालयाचंही तेच. २००२ ते २०१० ते ‘कला, क्रीडा व पर्यटन’ होतं. पुढे नावं जोडत-तोडत २०२० साली पर्यटन, संस्कृती, कला, गेल्टाख्त (म्हणजे आयरिश बोलणारा प्रदेश), क्रीडा व माध्यमं अशी पाटी झाली; ती वाचून होईपर्यंत बस निघून जायची. २०२५ साली सुटसुटीत केली आणि त्यात ‘कला’च गळाली. पर्यटन गेलं उद्योगांकडे.

तुम्ही फक्त प्रवासाला येणार असाल तर खर्चाचा अंदाज देतो. जॉन ओ’डोनह्यू हे या खात्याचे मंत्री असताना हीथ्रोवर एका टर्मिनलवरून दुसऱ्या टर्मिनलवर जायला मोटारीचे ४७२ युरो झाले. या आणि अशा बिलांपायी २००९ मध्ये त्यांना पुढे मिळालेलं संसदेचं सभापतिपद गेलं. तेव्हा शटल बस घ्या. सायकल आणणार असाल तर संसदेच्या आवारात ती लावायची सोय आहे. छत्तीस सायकलींचा निवारा, २०२४ साली सुमारे ३,३६,००० युरोंना बांधलेला. बाजूंनी उघडा आहे, आणि आयर्लंडमध्ये पाऊस बाजूनेच येतो.

हे सगळं मी भाच्याला परवा फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, पोरगं खचलं.

“मामा,” तो म्हणाला, “घोड्याला नेमके किती मिळतात?”

“निधीतले ऐंशी टक्के.”

“आणि कुत्र्याला?”

“वीस.”

“चालेल,” तो म्हणाला. “फॉर्मची लिंक पाठव.”