वाट दोन्ही बाजूंनी हवी
विद्यापीठातलं संशोधन सामान्यांपर्यंत पोचत नाही, ही लेखातली तक्रार रास्त आहे. पण लोकांचे प्रश्नही विद्यापीठापर्यंत पोचायला हवेत, हे राहून गेलं. १९३३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न साकळणारं रक्त घेऊन, बर्फाच्या वादळात थेट सरकारी विद्यापीठात गेला. तिथले जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने रक्त साकळू न देणारं चाऱ्यातलं द्रव्य शोधायला वर्षं घालवली आणि त्याच कामातून पुढे वॉरफरिन आलं. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं हे औषध आजही दिलं जातं. म्हणून विद्यापीठ आणि लोक यांना जोडणाऱ्या विस्तार विभागाच्या निधीवर आधी कात्री चालते तेव्हा संताप येतो. लेखकाने पुढच्या लेखात एवढं जरूर तपासावं: असा माणूस आज विद्यापीठाच्या दारात आला, तर त्याला कोण भेटतं?