मावशीची गोळी बंद करायला लावणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

आठवडाभर आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की लॉकडाऊनमध्ये सगळा देश पोटभर झोपला, निसर्गानेच सक्तीची विश्रांती दिली. तरीही ज्यांची झोप उडाली ते मनाचे कच्चे. रात्री मोबाइल बंद केला की झोप आपोआप येते. आणि झोपेच्या गोळीची सवय वगैरे काही लागत नाही, हवी तेव्हा अर्धी घ्या, नको तेव्हा सोडून द्या. हा मेसेज माझ्या मावशीने वाचला आणि साडेचार वर्षं चालू असलेली गोळी एका रात्रीत बंद केली, म्हणून लिहायला बसलेय.

सगळा देश झोपला? ८ मे २०२० ची पहाट विसरलात का? जालन्याच्या स्टील कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशात गावी जायचं म्हणून रुळांवरून भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते, चालून चालून पाय गेले तेव्हा करमाडजवळ रुळांवरच आडवे झाले, आणि मालगाडी आली. १६ माणसं गेली. हे आपल्याच राज्यात झालं, आणि तरी आपलेच लोक 'सगळा देश' म्हणून मेसेज पुढे ढकलतात याचा मला खरंच राग येतो.

आता एक मान्य करते. ज्यांना पहाटेची लोकल पकडायला साडेचारला उठावं लागायचं आणि ज्यांचा पगार चालू राहिला, त्यांना झोप जास्त मिळाली. बासेल विद्यापीठाच्या संशोधकांनी मार्च-एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या ४३५ लोकांना विचारून हेच नोंदवलं, झोप रोज साधारण पाव तासाने वाढली होती. पण त्याच अभ्यासात पुढे आहे की झोपेचा दर्जा मात्र थोडा घसरला! म्हणजे तास वाढले, झोप सुधारली नाही. सकाळचं ऊन अंगावर नाही, चालणं-फिरणं नाही, त्याच खोलीत ऑफिस, त्याच पलंगावर शाळा, आणि डोक्यात काळजी, मग शरीराला दिवस कुठे संपला ते कळणार कसं. आणि हे युरोपातलं झालं, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असतील तिथे काय झालं असेल त्याचा विचार करा.

मोबाइलचं म्हणणं चूक नाही, रात्री स्क्रीन कमी बघावी. पण माझी मावशी फोन उशाशी घेऊन झोपते ते रील्स बघायला नाही. एप्रिल २०२१ मध्ये काका ॲडमिट होते, आत कोणाला सोडत नव्हते, जे काही कळायचं ते फोनवरून, आणि शेवटचा फोन रात्री पावणेतीनला आला. ती अजूनही त्या वेळेला जागी होते. तिला मनाची कच्ची म्हणणाऱ्याने एकदा तिच्यासमोर बसून म्हणून दाखवावं.

आणि आता गोळी. इथे मला शांतपणे लिहिता येत नाहीये. मावशीला अल्प्राझोलाम चालू आहे. या गोळीची सवय लागते, म्हणून तर ती शेड्यूल एच-१ या औषधांच्या सरकारी यादीत आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि मेडिकलवाल्याला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते. रोज घेणाऱ्याने अचानक सोडली तर झोप आधीपेक्षा जास्त उडते, हात थरथरतात, छाती धडधडते, काही जणांना फिट्ससुद्धा येतात. मावशीला तीन रात्री डोळा लागला नाही, कप हातात धरवेना, आणि ती म्हणत होती 'माझंच मन कमकुवत आहे गं'. मेसेजने तिला दिलं ते एवढंच. उलट ज्यांना कधीच चालू नव्हती त्यांनी शेजाऱ्याकडून अर्धी घेऊन बघणंही तितकंच वाईट, म्हातारी माणसं या गोळ्यांनी रात्री बाथरूमला जाताना पडतात, खुबा मोडतो.

जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नाहीच, अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच तसं सांगितलंय. पहिला उपाय म्हणजे सवयी आणि विचार बदलायची थेरपी: रोज उठायची वेळ एकच, झोप येत नसेल तर पलंगावर तळमळत न पडता उठून बसायचं, पलंग फक्त झोपण्यासाठी. ऐकायला साधं वाटतं पण काही आठवडे नेटाने करावं लागतं. कोणाशी बोलायचं ते कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मावशीला परवा डॉक्टरांकडे नेलं. गोळी परत चालू केलीय आणि काही महिन्यांत थोडी थोडी कमी करायचा तक्ता त्यांनी लिहून दिलाय, तो फ्रिजवर चिकटवलाय. तोवर तिला हा मेसेज परत कोणी पाठवू नका, आणि ज्यांनी पाठवला त्यांनी ग्रुपवरून डिलीट करा.