मॅडम पंपावर गेल्यात

पंचायत समितीच्या कृषी विभागात माझं टेबल आहे आणि त्या टेबलावर पंप आहेत. म्हणजे पंपाचे अर्ज. विहिरीवरचा पंपसंच, पाठीवरचा फवारणी पंप, बॅटरीवर चालणारा, हातानं मारायचा. ज्याला जो अनुदानावर पाहिजे त्यानं सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन माझ्याकडं यायचं. तालुक्याचं नाव सांगत नाही. बदलीच्या ऑर्डरीला पाय फुटायला वेळ लागत नाही. लातूरहून चाळीसेक किलोमीटर, एसटीनं सव्वा तास, एवढं पुरे.

एप्रिलमध्ये १८० दिवसांची प्रसूती रजा संपवून मी हजर झाले तेव्हा माझ्या खांद्याला अनुदानात न बसणारा एक वेगळाच पंप लटकत होता. घरी सहा महिन्यांची पोरगी, इथं मी, आणि मधे एसटी महामंडळ. दर तीन तासांनी दूध काढलं नाही तर छातीत दगड भरल्यासारखं होतं, गाठी येतात, ताप चढतो. आणि काढत राहिलं नाही तर हळूहळू आटतंही. पहिल्या दिवशी साडेदहाला मी शिपाई मामांना जवळ बोलावून हळूच म्हणाले, "मामा, मी जरा पंपिंगला जाऊन येते. कुणी आलं तर सांगा."

मामांनी सांगितलं. खणखणीत आवाजात, आलेल्या प्रत्येकाला. "मॅडम पंपावर गेल्यात."

दुपारी एक आजोबा टोपीनं घाम पुसत टेबलापुढं बसले. "गावातले दोन्ही पंप हिंडून आलो बाई. पेट्रोलवाले म्हणले, इकडं कुणी मॅडम आल्या नाहीत. म्हणलं साहेब लोकांची गाडी असती, डिझेल भराय गेल्या असतील." माझ्याकडं गाडी नाही. पण टाकी भरलेली होती हे खरं.

आता जागा. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला 'हिरकणी कक्ष' अशी ठसठशीत पाटी आहे. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी, संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, तान्हं लेकरू खाली घरी, म्हणून कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिथं बुरूज बांधला, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली. तिच्या नावानं एसटी स्टँडवर, सरकारी कचेरीत अशा खोल्या केल्यात. आमच्या कक्षाचं आणि त्या गोष्टीचं साम्य एकच, दरवाजा बंद.

किल्ली कुणाकडं, याचा शोध तीन टेबलं फिरला. शेवटी कळलं की किल्ली ज्यांच्या ताब्यात आहे त्या मॅडम प्रतिनियुक्तीवर लातूरला गेल्यात आणि किल्ली त्यांच्या पर्सबरोबर गेलीय. म्हणजे माझी पोरगी लातूरला, किल्ली लातूरला, आणि मी पंप घेऊन तालुक्याला. पहिले तीन दिवस मी अभिलेख कक्षात, जुन्या कीर्दींच्या गठ्ठ्यांमागं बसून काम भागवलं. चौथ्या दिवशी किल्ली एका कंडक्टरच्या हाती आली. मी त्याच दिवशी स्टँडसमोर डुप्लिकेट करून घेतली. हा गुन्हा असेल तर असो.

आत काय नव्हतं! हागणदारीमुक्तीचे बॅनर, जलयुक्त शिवाराचे बॅनर, तीन पायांची खुर्ची, दोन जुन्या पत्र्याच्या मतपेट्या, आणि कंपनीला परत पाठवायचे राहून गेलेले दोन फवारणी पंप. दाराला आतून कडी नव्हती. मी एक मतपेटी दाराला लावायची आणि दुसरीवर बसायची. लोकशाहीचा इतका थेट आधार मला आधी कधी मिळाला नव्हता.

पंपाचं सांगायचं राहिलं. आधी नवऱ्यानं हातानं दाबायचा मागवला होता. सासूबाईंनी तो बघितला आणि एका शब्दात बारसं केलं, "हापसा हाय की ह्यो." आणि खरंच, गावातल्या हापशाला आधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, मग तो खालचं देतो, मलाही आधी तांब्याभर पाणी प्यावं लागायचं. आठ दिवसांत माझा उजवा अंगठा सही करायच्या लायकीचा राहिला नाही. मग मोटारीचा घेतला. त्याचं छातीला लावायचं फनेल एक साइज मोठं आलं. मोटार घरघरायची, बाटली कोरडी. दहा वर्षं मी शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकतेय, 'मोटार हवा खायलीय', 'पाणी धरंना', 'नुसती कोरडी फिरायलीय', आणि शेरा मारतेय, 'तांत्रिक अडचण'. मतपेटीवर बसून ती तांत्रिक अडचण मला पहिल्यांदा आतून समजली.

फनेल बदलून आलं. तरी दूध लगेच येईना. खरी गंमत मला सांगितली ती आवारातल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी. मी गेले होते वेगळ्याच कामाला. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं. आता आमच्याकडं एप्रिलात २५ अंश फक्त फ्रिजमध्ये असतात आणि अख्ख्या आवारात फ्रिज एकच, जनावरांच्या लसींचा.

"नाही मॅडम," डॉक्टर म्हणाले. "दोन ते आठ डिग्रीची कोल्ड चेन असते. त्यात लस सोडून दुसरं काहीच ठेवता येत नाही." बरोबरच होतं त्यांचं. मी निघाले. तेवढ्यात त्यांच्यातला तज्ज्ञ जागा झाला. "एका वेळेला किती निघतं?"

आता माणूस डॉक्टर होता. मी सांगितलं, साठ मिली.

"दोन्ही बाजूचं धरून?"

"हो."

"पान्हवायला वेळ लागतोय का?" त्यांनी चष्मा पुसला. "तुमच्या जागेत कुणी दार वाजवतं का? आवाज होतो का? बुजली की म्हैस पान्हा चोरते बघा. ऑक्सिटोसिन म्हणून हार्मोन असतं, भीती वाटली की ते कामच करत नाही. वासरू पुढं लागतं. वासरू मेलेलं असेल तर लोक कातड्यात पेंढा भरून ठेवतात, तेवढ्यानं सुद्धा जनावर दूध सोडतं." आणि मग एकदम भानावर येऊन, कान लाल करून, "म्हणजे... सगळ्या सस्तन प्राण्यांत तसंच असतं."

मला राग यायला हवा होता. पण बाळंतपणापासून इतकं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी मोबाईलवर पोरीचा व्हिडिओ लावून बसायला लागले, तोंडाला नाचणीचं सत्त्व फासून ती हसतेय तो. साठाचे नव्वद झाले. पेंढा भरलेलं वासरू ते हेच, फक्त रिचार्ज करावं लागतं.

या युक्तीची दुसरी बाजू जूनमध्ये कळली. एक बाई कडेवर लेकरू घेऊन अर्ज द्यायला आली आणि ते लेकरू भुकेनं रडायला लागलं. माझं नव्हे, तिचं. पण शरीराला कुठं आधार कार्ड बघायचंय? अर्ध्या मिनिटात ब्लाऊजवर दोन नकाशे. मी समोरची जाडजूड फाइल उचलून छातीशी धरली ती पाच वाजेपर्यंत सोडली नाही. आमचे साहेब दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये म्हणाले, फायलींविषयी एवढी आस्था सगळ्यांनी ठेवली पाहिजे.

फ्रिजचा प्रश्न शेवटी आइसपॅकनं सुटला. सकाळी घरून दगडासारखे गोठलेले दोन पॅक आणि जाड अस्तराची पिशवी, ती संध्याकाळपर्यंत दम धरते. येताना बस भरलेली. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे सीट मिळायची शक्यताही अर्धी. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिले की कुणीतरी म्हणतंच, "ताई, ठिवा की खाली, कोण न्यायलंय?" एकदा कंडक्टरनं विचारलं, "काय आहे यात, सांडायचं नाही ना?" म्हटलं, दूध. "घरच्या म्हशीचं?" मी हो म्हटलं. दोन स्टॉप उभं राहून गर्दीत आणखी काय सांगणार?

घरी सासूबाईंचं वेगळंच. दुपारी एकला त्यांचा फोन ठरलेला. बोअर मारताना गाडीवाल्याला विचारतात तसा एकच प्रश्न: "किती लागलं?"

"नव्वद."

"बरं हाय."

मापाचं हे वेड आमच्या घरात जुनं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते दिवस सासूबाईंनी घागरी मोजून काढलेत. तेव्हापासून घरात कुठलीही पातळ वस्तू सांडली की त्या आधी किती सांडली ते विचारतात आणि मग कुणी सांडली ते. मी एकदा बाटली उपडी केली तेव्हा दोन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडं होती. त्या दिवशी मला कुणी रागावलं नाही, सगळे नुसते गप्प बसले. ते जास्त लागलं.

पण मुख्य घोटाळा पहिल्याच आठवड्यात झाला होता. मी घरी आले तर गॅसवर छोटं पातेलं.

"आई, हे काय?"

"दूध तापवलंय."

"कुठलं?"

"तुजंच की. सकाळधरनं न तापवलेलं दूध लेकराच्या पोटात घालू?"

आमच्या घरात दूध कुठूनही येवो, सेंटरवरून, पिशवीतून, पाहुण्यांकडून, ते आधी गॅसवर चढतं. या नियमाला मी अपवाद कशी असणार? तीन दिवस माझं दूध उतू जाऊ नये म्हणून माझीच सासू पातेल्यापाशी उभी राहिली होती. वर तक्रार: "सायच धरंना. रंगबी निळसर. खातीस तरी काय तू?" मी समजावलं, आई, याला फॅट गाईच्या दुधाएवढी असते, साखर उलट जास्तच, पण प्रोटीन तिसरा हिस्सा, साय धरणार कशी? ते गॅसवर ठेवायचं नाही, गरम पाण्याच्या वाटीत बाटली उभी करायची, बास. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात शेपू, रात्री अळिवाची खीर, पिशवीत डिंकाचे लाडू. माझं म्हणणं आणि त्यांचा उपाय यांचा काही संबंध नव्हता. पण चार दिवसांनी त्यांनी फ्रिजमधली रात्रीची बाटली उजेडात धरली. वर बोटभर पिवळट थर आलेला. थंडीत फॅट वर येतेच, रात्रीचं दूध जास्त, कारण दुधाचं हार्मोन रात्री चढतं. शेतीच्या थ्री फेज विजेसारखं, द्यायचं तर रात्रीच. सासूबाईंना यातलं काही नको होतं. त्यांनी सासऱ्यांना हाक मारून थर दाखवला. "आता कसं! हे म्हशीचं दिसायलंय."

कायद्याचं म्हणाल तर १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासूनच मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टीची सोय आहे. ती आमच्या कचेरीला लागू होते का, यावर आस्थापना शाखेत दोन मतं पडली आणि दोन्ही लेखी दिली गेली. पाजायचं लेकरू चाळीस किलोमीटरवर आहे, यावर मात्र कुणाचंच मत नव्हतं.

मग आला ऑगस्ट. १ ते ७ जागतिक स्तनपान सप्ताह असतो. वरून पत्र आलं: हिरकणी कक्ष सुसज्ज ठेवावेत, छायाचित्रं पाठवावीत, पाहणी होईल. त्या दिवशी दीड वाजता मी मतपेटीवर बसलेली, मोटार चालू, व्हिडिओत पोरगी हसतेय, आणि दार वाजलं.

"मॅडम, बाहेर या. हिरकणी कक्ष साफ करायचाय."

"मामा, मी तेच वापरतेय."

"नंतर वापरा की. आधी सप्ताह होऊ द्या."

म्हैस बुजली. पान्हा चोरला. मी तीस मिलीवर बाहेर आले.

दोन दिवसांत खोली गुलाबी झाली. भिंतीवर गुबगुबीत बाळाचं पोस्टर, टेबलावर प्लास्टिकची फुलं, कोपऱ्यात पाळणा. रंग उरला म्हणून मतपेट्याही गुलाबी केल्या. आणि पाहणीपर्यंत घाण होऊ नये म्हणून कुलूप. मी परत कीर्दींमागं. त्या गठ्ठ्यांतली १९७२ च्या दुष्काळाची सुकडी वाटपाची यादी मला आता जवळजवळ पाठ आहे.

पाहणीला जिल्ह्याच्या मॅडम आल्या, बरोबर दीडला. सगळे मागच्या बाजूला जमले. दाराला झेंडूचं तोरण, दारावर कुलूप.

"किल्ली?"

साहेबांनी मोठ्या बाबूंकडं बघितलं, मोठ्या बाबूंनी मामांकडं. किल्ली प्रतिनियुक्तीच्या मॅडमबरोबर परत लातूरला गेली होती. मी पुढं झाले आणि पिशवीत हात घातला. डुप्लिकेट आइसपॅकला चिकटून गारठली होती. कुलूप उघडलं. ही किल्ली माझ्याकडं कशी, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना तेव्हा तोच फोटो महत्त्वाचा होता.

मॅडमनी पाळणा हलवून बघितला. गुलाबी मतपेटीकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग विचारलं, "रोज किती लाभार्थी वापरतात?"

साहेब आकडा जुळवत होते तेवढ्यात मामा बोलले. "एकच हाय जी. पर दिवसातून तीनदा." मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून, मला बाहेर काढताना वापरलेल्या त्याच आवाजात, "आता त्यांची वेळ झालीया. तुमी जरा बाहेर व्हा."

मॅडम बाहेर झाल्या. त्यांच्यामागं साहेब, मोठे बाबू, फोटोवाला, सगळे. मी मतपेटी सरकवून दाराला लावली. रंग अजून ओला होता.