आमच्या पांदणीत तूर उभी राहते

मागच्या रविवारी मी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार फोटो टाकले. मी राहतो ऑस्ट्रियात, टिरोलमध्ये, लांडेकच्या जवळ, इन नदीच्या दरीत. नदीकाठचा खडीचा रस्ता, बाजूला कुरणात पिवळी फुलं, वर डोंगरावर मे महिन्यातही बर्फ, अन् नजर जाईल तिथपर्यंत एक गाडी नाही. दहा मिनिटांत आमच्या दादाचा रिप्लाय आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, दारव्हा तालुक्यात घरची शेती तोच पाहतो. त्यानं लिहिलं, "तू तिकडं मुरमाच्या रस्त्याचं कौतुक करून राहिला, अन् इकडं आम्ही मुरूम नको, सिमेंट द्या म्हणून तहसीलले चकरा मारून राहिलो. पावसाळ्यात ये एकदा, मंग सांग."

मग ग्रुपवर रात्री एकपर्यंत चाललं. कोणी म्हणे पांदण, म्हणजे वावरात जायचा रस्ता, सिमेंटचीच पाहिजे, कोणी म्हणे आधी अतिक्रमण काढा, एकानं लिहिलं की शकुंतलेचा, म्हणजे बंद पडलेल्या यवतमाळ-मूर्तिजापूर छोट्या रेल्वेचा, रूळ उखडून तिथं सायकल ट्रॅक करा परदेशासारखा, अन् दोघांनी सरळ सांगितलं की तिकडं बसून आम्हाले शिकवू नको. ते शेवटचं मला लागलं. म्हणून इथं सगळं सविस्तर लिहून राहिलो, ग्रुपवर तुकड्यातुकड्यात बोलून अर्थ नाही.

आधी मी इथं या रस्त्यावर चालवतो ती सायकल काय आहे ते सांगतो. ग्रॅव्हल बाइक म्हणतात, हँडल रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं पण टायर जाड, 40 मिलिमीटरचा, अन् हवा कमी ठेवायची म्हणजे खडीवर उसळत नाही. मी दुकानात टायरवरचा आकडा वाचला अन् बाबांची काळी सायकल आठवली, डबल दांड्याची, मागे कॅरिअरवर सरकीचं पोतं. तिच्या टायरवर 28 बाय दीड लिहिलेलं असायचं. दीड इंच म्हणजे जवळपास तीच रुंदी. बाबा त्याच टायरवर पांदणीतून वावरात जायचे, पावसाळ्याचे तीन महिने सोडले तर रोज. म्हणजे इथले लोक ज्याला नवीन खेळ म्हणतात तो आमच्या घरी रोजचा होता, फक्त त्याला नाव नव्हतं.

आता फोटोतला रस्ता. हा नुसता टाकलेला मुरूम नाही, अन् माझं सगळं म्हणणं इथंच आहे. मी एकदा सायकल आडवी ठेवून खाली बसून पाहिलं. मोठी खडी खाली, बारीक वर, त्यावर चुरी, पाणी मारून रोलरनं दाबलेली. आपल्या झेडपीच्या इस्टिमेटमध्ये ज्याला डब्ल्यूबीएम लिहितात तेच. पण मधोमध रस्ता माशाच्या पाठीसारखा किंचित फुगलेला, पाणी दोन्हीकडं उतरलंच पाहिजे. अन् चढ लागला की थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला तिरपी आडवी नाली, लाकडाच्या नाहीतर लोखंडाच्या दोन पट्ट्या अन् मधे चार बोटांची फट. पाणी रस्त्यावरून धावत सुटायच्या आधीच ती फट त्याला बाजूला काढून देते. एका पावसानंतर सकाळी मी पाहिलं, एक म्हातारा शेतकरी फावड्यानं त्या फटीतला गाळ काढत चालला होता, एक झाली की पुढची, कोणी सांगितलेलं नाही, त्याच्याच कुरणाकडं जाणारा रस्ता. अर्धा तासही लागला नसेल. ते काम कोणी केलं नाही तर हाही रस्ता दोन वर्षांत नाल्यासारखा होईल, खडी टिरोलची असो की यवतमाळची.

अन् या रस्त्यावर गाडी का नाही? तर तोंडाशी आडवा दांडा आहे, त्याची किल्ली त्या भागातल्या शेतकऱ्यांकडं अन् जंगलवाल्यांकडं. ट्रॅक्टर येतो, गवताचे गठ्ठे येतात, लाकडाचा ट्रक येतो, तेव्हा सायकलवाल्यानं उतरून बाजूला व्हायचं. रस्ता शेतकऱ्याचा, आपण पाहुणे, ही समज पक्की आहे. ऑस्ट्रियाच्या 1975 च्या वन कायद्यानं जंगलात पायी फिरायचा हक्क सगळ्यांना आहे पण सायकलला नाही, त्याला मालकाची परवानगी लागते. यावरून इथंही भांडणं झाली, होतात. मग 1997 पासून टिरोलच्या राज्य सरकारनं मार्ग काढला, मालकांशी करार करायचा, मीटरमागे मोबदला द्यायचा, अन् कोणी पडला झडला तर जबाबदारीचा विमा सरकारनं घ्यायचा. आजही कोणी फाटक उघडं टाकून जातो, गायी बाहेर येतात, शेतकरी चिडतो. इथं माणसं फार समजदार आहेत म्हणून हे चाललं असं समजू नका, लिहून घेतलं म्हणून चाललं.

आता दादाचं म्हणणं. तो चुकला नाही. इथली माती दगडगोट्याची, पाणी झिरपून जातं. आपली काळी. पहिल्या दमदार पावसात ती फुगते, मुरूम खाली गिळते, अन् बंडीचं चाक आखापर्यंत जातं. आमच्या गावात एका बाईला बाजेवर टाकून पांदणीतून नेलं होतं दवाखान्यात, मी तेव्हा आठवीत होतो, बाज धरणाऱ्या चौघांत बाबा होते. ज्यानं ते पाहिलं त्याला मुरमाचे गोडवे सांगायची मला लाज वाटते. सिमेंट मागणाऱ्या माणसाला मागासलेला म्हणायचा अधिकार मला नाही.

पण दादा, काळी माती सिमेंटलाही सोडत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात अन् पावसात तीच फुगते, वरची स्लॅब मग मधून तडकते. शेजारच्या गावची सिमेंटची पांदण तू स्वतः मला दाखवली होती, दुसऱ्याच पावसाळ्यात कडा तुटलेल्या, कारण बाजूला नाली नव्हती. मुरूम खचला तर गावातला माणूस पाटी फावडं घेऊन भरू शकतो. स्लॅब तुटली तर पुढच्या फंडाची वाट पाहायची. खाली काळी माती खोदून काढा, जाड मुरूम भरा, दोन्ही बाजूंनी खोल नाली अन् नाल्यावर मोरी, पैसा तिथं लागू द्या. सिमेंट टाकायचंच तर जिथं पाणी रस्ता ओलांडते तेवढ्या तुकड्याला टाका.

अन् मला हे शेतमालासाठीच वाटते असं नाही. माझी पुतणी नववीत आहे, तिला मानव विकासमधून सायकल मिळाली, आठवी ते बारावीच्या पोरींना मिळते ती. घर ते शाळा डांबरी रोडनं साडेचार किलोमीटर, त्या रोडवर रेतीचे टिप्पर. मागच्या वर्षी एका टिप्परनं कट मारला अन् ती बाजूच्या खड्ड्यात गेली, हात मोडला, तेव्हापासून वहिनी तिला सायकल नेऊ देत नाही, बस चुकली की शाळा बुडते. आता नकाशा पाहा. आमची पांदण नाला ओलांडून सरळ शाळेच्या गावाला निघते, अडीच किलोमीटर, त्यावर टिप्परचं काही काम नाही. सरकारनं पोरीला सायकल दिली, ती चालवायला रस्ता दिला नाही. समृद्धी 701 किलोमीटर झाला, चांगलं झालं, मी स्वतः नागपूरहून त्यावरून आलो, पण त्यावर सायकलला बंदी आहे अन् ती बरोबरच आहे. मग सायकलनं जायचं कुठून, हा प्रश्न आपल्या एकाही सभेत मी ऐकला नाही.

शकुंतलेचं मात्र माझं मत ग्रुपवरच्या मित्रापेक्षा वेगळं आहे. तिच्या रुळावर सायकल ट्रॅक नको. आल्प्समध्ये बंद पडलेल्या रेल्वेवर सायकलचे सुंदर रस्ते झालेत हे खरं, मी चालवलेत. पण इथून घाट चढून रेशेन खिंडीपलीकडं इटलीत गेलं की विन्शगाऊची दरी लागते, तिथली रेल्वे 1990 साली बंद केली होती अन् 2005 मध्ये परत सुरू केली. आज खाली सफरचंदाच्या बागांमधून सायकलनं उतरायचं अन् वर यायला सायकलसकट रेल्वेत बसायचं. रूळ राहिला म्हणून ते जमलं. यवतमाळ ते मूर्तिजापूर माणसांना रेल्वे पाहिजे आहे, तो हक्क सायकलच्या नावानं सोडून देऊ नका.

राहिला प्रश्न पांदण मोकळी करायचा. गाव नकाशात ती तुटक दुहेरी रेषेनं आहे, म्हणजे साडेसोळा ते एकवीस फूट. आजोबांच्या वेळी दोन बंड्या आमनेसामने निघायच्या, आज एक ट्रॅक्टर धड जात नाही. योजना आहेत, 2021 मध्ये मातोश्री पाणंद योजना आली, अडथळा काढायला मामलेदार कोर्टाचा 1906 चा कायदा आहे, तहसीलदाराला अधिकार आहेत. कागदाची कमी नाही. मोजणीवाला आला की मात्र प्रत्येक जण म्हणतो आधी समोरच्याचं मोजा.

अन् समोरच्याच्या समोर आपण आहोत. हे ग्रुपवर लिहायची हिंमत झाली नाही, इथं लिहितो. आमचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, दरवर्षी नांगराच्या एका ओळीनं पांदणीत सरकत गेला, मी लहानपणी स्वतः तिफणीच्या मागं चाललोय अन् मला माहीत आहे शेवटची ओळ कुठं पडायची. मागच्या दिवाळीत मी पावलांनी मोजलं, आठ फूट तरी आपल्याकडं आहे, त्यात तूर उभी होती, शेंगांनी लदलेली. चांगली तूर होती. ती पाहून काढा म्हणायला माझीही जीभ रेटली नाही.

काल मोठेबाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, फोन केला. यवतमाळात 44 डिग्री, ते ओसरीवर पडून होते. म्हटलं, मोठेबाबा, यंदा पांदणीकडची तुरीची ओळ पेरू नका, आपल्या बाजूनं आपण सोडू, नाली मी खोदून देतो, जेसीबीचे पैसे माझे. ते म्हणाले, "अन् समोरच्यानं नाही सोडलं तं?" मी म्हटलं तरी आपण सोडू. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेरणीले महिना आहे. पाहू." अन् दादाला फोन दिला.